लागोपाठ दोन मिस कॉल

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ‘ग्रामीण महाविद्यालयातल्या मुली, डिजिटल नवोपक्रम आणि उद्योजकता’ असा लांबलचक विषय त्यांनी एका दमात सांगितला आणि म्हणाले, "म्याडम, तुमच्या नोकरीतले दोन-चार प्रेरणादायी अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा." मी म्हटलं, अनुभव देते, प्रेरणेचं तेवढं तुम्ही बघा. ते मनापासून हसले. मी काही विनोद केला नव्हता.

घनसावंगी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवायची. घर अंबडला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या गळ्यात दोन घोंगडी पडली. एक ‘नवोपक्रम व उद्योजकता कक्ष’ आणि दुसरं ‘स्त्री-पुरुष समानता समिती’. कॉलेजात जे काम कुणालाच नको असतं ते बाईमाणसाच्या वाट्याला येतं. पूर्वी रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण होतं, त्यात आता समानतेची भर पडली.

हा कक्ष म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं ती पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. गोळे, भाले, फाटकी जाळी बाहेर काढून तिथं एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि वस्तू छापणारं एक थ्री-डी यंत्र ठेवलं. त्या यंत्रातून आम्ही कॉलेजच्या बोधचिन्हाची एक किल्लीची साखळी काढली, ती प्राचार्यांना भेट दिली, आणि त्यानंतर यंत्रावर जे प्लास्टिक घातलं ते मी निवृत्त होईपर्यंत निघालं नाही. मुलांनी तिथं यायचं, काहीतरी नवीन सुचवायचं, आम्ही त्यांना वाट दाखवायची आणि त्यांनी उद्योजक व्हायचं, अशी कल्पना. कल्पनेत खोट काही नव्हती.

मुलगे यायचे. एक जण कपाळाला टिळा लावून आला आणि म्हणाला, "म्याडम, मला फक्त फाउंडर व्हायचंय. धंदा कोणता करायचा ते तुम्ही सांगा." मुली यायच्या त्या दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "सर्टिफिकेट मिळंल का?" मी एकीला विचारलं, काय करणार त्याचं? ती म्हणाली, "बायोडाटाला लावतेत." नोकरीच्या बायोडाटाला का, असं मी विचारलं, तर मागच्या सगळ्या तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या. स्थळ दाखवताना देतात तो बायोडाटा. मला मेलीला कळायला वेळ लागला.

मुलींचं आणि फोनचं नातं काय असतं ते मला टाळेबंदीत समजलं. घरून ऑनलाइन शिकवायचं होतं. माझा वर्ग जवळजवळ सगळा मुलींचा, पण पडद्यावर एकीचंही नाव नाही. ‘सिंगल बॉय’, ‘भावी सरपंच’, ‘किंग ऑफ पिंपळगाव’ अशी मंडळी माझ्यासमोर बसलेली. मी घसारा शिकवायची आणि विचारायची, "किंग, यंत्राचा घसारा कसा काढाल?" मग एक बारीक आवाज यायचा, "म्याडम, म्या रेखा." भावाचा फोन, भावाचं नाव. तास रंगात आला की तोच आवाज म्हणायचा, "म्याडम, दादाला फोन पाह्यजे," आणि किंग निघून जायचा. त्यानंतर ऑफिसात मुलींचे नंबर काढून पाहिले, तर बहुतेक सगळे बापाचे नाहीतर भावाचे. कॉलेजचा निरोप, शिष्यवृत्तीचा आकडा, परीक्षेची तारीख, सगळं आधी एखाद्या पुरुषाच्या खिशात वाजायचं. मुलीपर्यंत पोचायचं ते त्याला आठवलं तर.

स्वतःचा फोन असलेली एक होती. अश्विनी. कुंभार पिंपळगावजवळच्या एका खेड्यातली, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. अंगानं लहानखुरी, बोलणं भरभर आणि हसणं जवळजवळ नाहीच. फोन जुना, काचेला तडा गेलेला, सिमकार्ड बापाच्या नावावर, पण तो तिच्याजवळ असायचा. ती दाराशी थांबली नाही. आत येऊन खुर्ची ओढली आणि म्हणाली, "म्याडम, माझ्या मायचं एक काम हाय. ते मशीननं होईल का बघा."

तिच्या आईचं, कांताबाईंचं काम रेशमाचं. आमच्या भागात बरेच जण तुती लावतात, पत्र्याची शेड उभारतात आणि त्यात रेशमाच्या अळ्या वाढवतात. कोष झाले की जालन्याच्या बाजारात नेतात. नेतात पुरुष, वाढवतात बायका. अळी म्हणजे तान्हं लेकरू. पाला ओला चालत नाही, शिळा चालत नाही. अळी कात टाकायला मान वर करून बसली की तिला खायला घालायचं नसतं, त्यात चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. आणि सर्वांत मोठं भय फवारणीचं. शेजारच्या कपाशीवर कुणी औषध मारलं आणि वारं तुतीकडं असलं, तर त्या पाल्यावर विष बसतं. डोळ्यांना दिसत नाही. बाई पाला तोडून आणते, घालते, आणि थोड्या वेळात अळ्या हिरवं ओकून तडफडायला लागतात. महिनाभराची मेहनत एका दुपारी उकिरड्यावर जाते.

खबर शेजारणीकडं असते, पण ती हिच्यापर्यंत पोचत नाही. फोनमध्ये बोलायला बॅलन्स नसतो, लिहिता-वाचता येत नाही. म्हणून अश्विनीनं मिस कॉल धरला. मिस कॉलला काही लागत नाही आणि तो कुणालाही देता येतो. बाईनं अश्विनीच्या नंबरावर मिस कॉल द्यायचा. तिच्या फोनमधला प्रोग्रॅम तो कापायचा, आणि लगेच त्या बाईला उलट फोन जायचा. त्यात अश्विनीचा आवाज, रोज नवा भरलेला. "राम राम बायांनो, अश्विनी बोलून राह्यले. आज आभाळ हाय, पाला पुसून घ्या. चुना टाकायला इसरू नका." प्रोग्रॅम तिनं आमच्या कक्षातल्या संगणकावर, संगणकाच्या सरांच्या मागं लागून लागून बनवला. त्या खोलीतून खरोखर काही बाहेर पडलं असेल तर तेवढंच.

आणि एक गोष्ट तिनं बायकांमध्ये बसून ठरवली, ती मला सर्वांत आवडायची. एक मिस कॉल म्हणजे आजचा निरोप सांग. लागोपाठ दोन मिस कॉल म्हणजे आमच्याकडं फवारणी चाललीय. दोन आले की अश्विनी स्वतः फोन लावायची आणि पहिला प्रश्न एकच विचारायची, "वारं कुणीकडं हाय?" बाई म्हणाली "पल्याड हाय", तर भिण्यासारखं नाही. "आमच्याकडंच हाय" म्हणाली, तर अश्विनी सांगायची, "शेडचे पडदे सोडा, तिकडचा पाला बिलकुल तोडू नका, म्या आलेच." मग नवा निरोप भरून तो आजूबाजूच्या शेडवाल्यांच्या फोनवर सोडायची आणि सायकल काढायची.

बायकांनी तिचा नंबर चुन्यानं शेडच्या भिंतीवर लिहून घेतला. भिंतीकडं बघून एकेक आकडा दाबायच्या. संगीता नावाची एक तरुण बाई होती, नवरा कडक, ती मला म्हणाली, "म्याडम, मालक म्हणायचे तुला कोण फोन करनार हाय, तुला कशाला पाह्यजे फोन. आता रोज मला फोन येतो." त्या वर्षी पलीकडच्या बांधावर फवारणी झाली तेव्हा तिनं दोन मिस कॉल दिले आणि तिची बॅच वाचली. कोष विकले की प्रत्येक बाई अश्विनीला तिचं म्हणून काहीतरी द्यायची. हिशेब मी तपासायची आणि मनात म्हणायची, इतकी वर्षं फळ्यावर जो धंदा शिकवला तो पहिल्यांदा चालताना पाहतेय.

प्राचार्यांनाही आनंद झाला. त्यांनी फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर अश्विनीचा फोटो, तिचा नंबर, ‘आमची नवउद्योजिका’ ही अक्षरं, आणि तिच्या दुप्पट मोठा प्राचार्यांचा फोटो. मी अश्विनीला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, "नंबर बराबर छापलाय."

तिसऱ्या वर्षाला असताना तिची सोयरीक जुळली. मुलगा परतूर तालुक्यातला, शेती चांगली, घरात कुणी व्यसनी नाही. मुलीला पुढं शिकवू, असं पाहुण्यांनी सांगितलं. हे वाक्य आमच्याकडं ‘सावकाश जेवा’ म्हटल्यासारखं म्हणतात. साखरपुड्याला मला आग्रहाचं बोलावणं होतं, मी गेले.

आता एक नवी रीत आली आहे, ती शहरातल्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. साखरपुड्यात साडी, पैंजण यांच्याबरोबर नवरदेवाकडून मुलीला नवा मोबाइल येतो, नव्या सिमकार्डासकट. लग्नापर्यंत दोघांनी बोलायचं म्हणून. ताटात पेढ्यांच्या शेजारी तो ठेवतात, वर लाल फीत. बायका वाकून वाकून बघतात की कोणत्या कंपनीचा आहे. मलाही त्यात कौतुकच वाटायचं. आमच्या वेळी लग्नाआधी नवऱ्याचा आवाज कुणी ऐकला होता?

नवरदेवाच्या मामांनी तो मोबाइल अश्विनीच्या हातात दिला. फोटो काढून झाले. मग ते म्हणाले, "जुना फोन कुठं हाय? आना जल्दी."

कांताबाईंनी कनवटीला सांभाळून ठेवलेला अश्विनीचा फोन काढून दिला. मामांनी एका बाईकडून साडीची पिन मागून घेतली, त्या पिनेनं सिमकार्ड बाहेर काढलं आणि अश्विनीच्या वडिलांच्या, रंगनाथरावांच्या हातावर ठेवलं.

"आमच्याकडं सुनंचा नवा नंबर असतो," मामा म्हणाले. "जुन्यावर कोन कोन फोन करतंय, काय म्हाईत. झंझट नको. समद्याच सुनांचं आसं केलंय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्याला पाणी द्यावं तितक्या सहज ते हे करत होते. रंगनाथरावांनी सिमकार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं. अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अहो, त्या नंबरवर तिचा व्यवसाय चालतो." मामा मला म्हणाले, "म्याडम, व्यवसाय आता आमचा मुलगा बघंल की. तिला कशाला तरास?" आणि मला जेवायला बसण्याचा आग्रह केला. शिरा गोड होता, एवढंच आठवतं. मी तो खाल्ला.

पुढच्या रविवारी मी रंगनाथरावांच्या घरी गेले. शांत डोक्यानं बोलायचं, आवाज चढवायचा नाही, असं बसमध्ये स्वतःला बजावत गेले, कारण माझा स्वभाव भडकू. सिमकार्ड हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवलेलं होतं. मी म्हटलं, कांताबाईंच्या फोनमध्ये घाला. निरोप त्या भरतील. कांताबाई लगेच म्हणाल्या, "म्या बोलन की. पाल्याचं, चुन्याचं मलाबी कळतंय." मी म्हटलं, ते नको असेल तर दुकानात चला, नंबर कॉलेजच्या नावावर करून देऊ, तुमच्या अंगठ्याचं काम आहे फक्त. आम्ही दुसरी मुलगी बसवू.

रंगनाथरावांनी करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "म्याडम, तुमचं समदं बराबर हाय. पन नंबर चालू ऱ्हायला आन् पाव्हन्यांला समजलं, तं ते काय म्हनतेल? पोरीचा दुसरा नंबर हाय म्हनतेल."

"व्यवसायाचा नंबर आहे तो. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला म्हाईत हाय. तिकडं कुनाला म्हाईत हाय? तिकडं ‘दुसरा नंबर’ एवढंच जाईल."

मी आवाज चढवलाच. मी म्हटलं, तुमची मुलगी कॉलेजात सगळ्यांत हुशार आहे आणि तुम्ही तिला करंड्यात घालून ठेवताय. ते उठले आणि खाली वाकले. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस. "पाया पडतो तुमच्या. सोयरीक मोडायची येळ आनू नका." त्यांचं भय खोटं असतं तर भांडले असते. ते खरं होतं, त्या पंचक्रोशीत मी स्वतः तशी दोन लग्नं मोडलेली पाहिली होती.

अश्विनी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्याडम, फवारनीचे दिवस आले की बाया कुनाला सांगतेल?" स्वतःबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

प्राचार्यांना मी नवा नंबर मागितला. ते म्हणाले, संस्थेच्या नावावर सिमकार्ड घ्यायचं तर संचालक मंडळापुढं विषय ठेवावा लागेल. तो ठेवला की नाही, मला माहीत नाही. निरोप भरायला दुसरी मुलगी शोधली तर एकीचे वडील म्हणाले, "त्या नंबरावं गडीमान्सं फोन करतेत म्हनं." मुलगा बसवावा तर बायका बोलणार नाहीत. फ्लेक्स मात्र फाटकावर तसाच होता. अश्विनीनं परीक्षा दिली, पहिल्या वर्गात आली, लग्न करून परतूर तालुक्यात गेली. करंड्यातल्या सिमकार्डाचं रिचार्ज कुणी केलं नाही, आणि ते मेलं.

बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला देऊन टाकते. मी तीस वर्षं वाणिज्य शिकवलं, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या बायकांना तरी कुठून असणार? नंबर भिंतीवर होताच. अधूनमधून कुणीतरी दाबून बघायचं आणि ‘बंद आहे’ ऐकून फोन ठेवायचं. ऐन कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत एके सकाळी एकीनं दाबला आणि तिकडं रिंग वाजली. दुपारपर्यंत शेडाशेडांत बातमी गेली, अश्विनीचा नंबर चालू झाला. संगीता नंतर मला म्हणाली, "म्याडम, आमाला तं दिवाळी झाल्यासारखं झाल्तं." बायका मिस कॉल देत सुटल्या. आणि फवारणीचे दिवस म्हणून बहुतेकींनी लागोपाठ दोन दोन दिले.

तिकडून उलट फोन आले. बाईचा नव्हे, पुरुषाचा आवाज. एकीनं घाबरून ठेवून दिला. एकीनं विचारलं, अश्विनी कुठं हाय? संगीताचा फोन तिच्या नवऱ्यानं उचलला. परका पुरुष हिंदीतून विचारतोय की तुम्ही मला मिस कॉल का दिला, आणि फोनमध्ये दिसतंय की दिला, तोही दोनदा. एकदा चुकून लागतो, दोनदा कसा लागेल, असं नवरा म्हणाला. त्यानं तिला मारलं आणि फोन शेडच्या दगडावर आपटला. गावात मग एकाचं बघून दुसऱ्यानं बायकांचे फोन काढून घेतले. कॉलेजच्या पोरीनं आमच्या बायकांचे नंबर बाहेरच्या गड्यांना दिले, अशी बोलवा उठली. त्याच आठवड्यात संगीताच्या शेजारच्या शेतात औषध मारलं. तिला कुणी सांगितलं नाही, तिनं कुणाला विचारलं नाही. तिनं नेहमीसारखा पाला तोडून घातला.

मी गेले तेव्हा ती मेलेल्या अळ्या टोपल्यात भरत होती. गालावर निळं होतं. मला म्हणाली, "म्याडम, तुमी जा. मालक येतेल."

घरी आल्यावर मी स्वतः तो नंबर लावला. त्या माणसाचा गळा धरायचा असं ठरवून लावला. तो बिहारकडचा निघाला, जालन्याला सळयांच्या कारखान्यात कामाला. माझा आवाज ऐकताच म्हणाला, "आप भी मिस कॉल देनेवाली हैं क्या?" मी माझी ओळख सांगितली आणि त्याला झाडायला सुरुवात केली. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मैडम, मैं खुद परेशान हूँ. नया नंबर लिया और दिनभर औरतों के मिस कॉल. दो-दो बार. मैंने सोचा, कोई मुसीबत में होगा, इसलिए पूछने के लिए फोन किया."

मुसीबतीत आहेत म्हणूनच करत होत्या, हे मी त्याला सांगितलं. फवारणीचं, वाऱ्याचं सगळं. मी विचारलं, हा नंबर परत देता येईल का? तो म्हणाला, "बैंक में यही नंबर है, गाँव में माँ के पास यही है. घरवाली ने भी सुन लिया कि औरतों के फोन आते हैं, वह अलग झगड़ रही है." माझ्या सगळ्या नोकरीत दोन मिस कॉलचा अर्थ कुणीतरी अडचणीत आहे असा बरोबर लावणारा पुरुष मला तेवढा एकच भेटला. त्याच्या फोनमुळंच बायकांनी मार खाल्ला.

महिन्याभरात भिंतींवरचे आकडे पुसले गेले. कुणी चुन्याचा हात मारला, कुणी शेण लिंपलं.

त्याच वर्षी बाहेरून तपासणीची समिती आली. फाटकावरचा फ्लेक्स पाहून समितीचे अध्यक्ष खूश झाले. त्यांनी तिथंच उभं राहून खिशातला फोन काढला आणि म्हणाले, करून पाहू का मिस कॉल? प्राचार्यांचा चेहरा मी पाहिला. मी म्हटलं, "सर, नका देऊ. त्या माणसाला आधीच फार त्रास झालाय." त्यांना काही कळलं नाही, तेवढ्यात प्राचार्यांनी त्यांना चहाकडं वळवलं. कक्षात अश्विनीचा जुना निरोप ऐकवला, ‘राम राम बायांनो’. टाळ्या झाल्या. समानतेच्या कामाबद्दल समारोपात माझ्या हातात नारळ दिला. तो मी शिपायाला देऊन टाकला आणि बस पकडली.

निवृत्तीनंतर एकदा अंबडच्या बसस्टँडवर अश्विनी दिसली, नवऱ्याबरोबर. वाळलेली होती. पाया पडली. जावई बोलायला साधे, अदबीनं वागणारे. मी विचारलं, पुढं शिकतेस का? तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "घरात कामच पुरतंय म्याडम." मी विचारलं, रेशीम? ते म्हणाले, आमच्याकडं तुती नाही, कपाशी आणि सोयाबीन. मी तिचा नंबर मागितला, तर त्यांनी स्वतःचा दिला. "माझाच घ्या. साखरपुड्यातला फोन होता, तो धाकट्या भावाला दिला अभ्यासाला. आता बोलायला मी समोरच हाय म्हनल्यावं तिला फोन कशाला?"

मी अश्विनीला म्हटलं, माझा नंबर आहे ना गं? ती म्हणाली, "पाठ हाय, म्याडम." एवढंच ती सबंध भेटीत आपणहून बोलली. त्यांची बस लागली आणि ते गेले.

मागच्या महिन्यात, दुपारी, मी पेपर वाचत पडले होते. फोन वाजला आणि उचलायच्या आत बंद झाला. मी चष्मा शोधतेय तोवर पुन्हा वाजला आणि बंद झाला. बघितलं तर जावयांचा नंबर. लागोपाठ दोन.

मी ताबडतोब लावला. जावयांनीच उचलला.

"मिस कॉल होते तुमचे," मी म्हटलं.

"न्हाई बा. म्या आत्ताच रानातून आलो. फोन घरीच ऱ्हायल्ता. चुकून लागला आसंल."

"अश्विनी आहे का?"

"हाय की. काम करून राह्यली." फोन देतो असं ते म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "तिला एवढंच विचारा, वारं कुणीकडं आहे?"

"काय?"

"वारं. जुनं काहीतरी आठवलं म्हणून विचारतेय."

ते हसले. फोन कानाला तसाच ठेवून आत ओरडले, "ये, तुझ्या म्याडम इचारून राह्यल्या, वारं कुनीकडं हाय?"

भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग लांबून तिचा आवाज आला, निरोप भरायची तसाच स्वच्छ.

"आमच्याकडंच हाय म्हनावं."

"आमच्याकडंच हाय म्हनती," जावई म्हणाले. "आजून काय इचारू?"

या उत्तरावर काय सांगायचं ते ठरलेलं होतं. पडदे सोडा. तिकडचा पाला तोडू नका. म्या आलेच. माझ्या तोंडाशी ते शब्द आले, पण मी काहीही बोलले असते तरी ते ऐकणार होते जावई. "काही नाही," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.